पाणवठ्याची वाट

सात वर्षांच्या भाचीला झोपवायचं काम त्या रात्री माझ्याकडे आलं होतं. राजकन्या नको, बोलणारा ससा नको, 'मोठ्ठा ड्रॅगन असलेली' गोष्ट हवी, अशी अट होती. म्हटलं, ड्रॅगनच हवा तर अस्सल घेऊ या, आणि उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स कथांमधली फाफ्निरची गोष्ट काढली. सोन्याच्या ढिगावर वेटोळं घालून बसलेला, श्वासातून विष सोडणारा, ज्याच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहत नाही असा. मी आवाज बारीक केला, गोष्टीचा नायक सिगुर्ड, त्याला त्या माळावर आणलं, हातात ग्राम नावाची तलवार दिली, वाटेत खड्डा खणायला लावला आणि खड्ड्यात उतरवलं. वरची माती थरथरायला लागली, अंधार सरकत सरकत पुढे आला, आणि पोट बरोब्बर डोक्यावर आलं तेव्हा खालून तलवार, थेट मुठीपर्यंत! एवढं सांगून मी थांबले. गोष्ट सांगणाऱ्याला अशा जागी थांबून समोरचा चेहरा बघायची हौस असते. चेहरा काही मला हवा तसा झाला नव्हता. ती पांघरुणातून अर्धी उठून बसली होती.

"पण मावशी, तो तर पाणी प्यायला चालला होता ना?"

मी म्हटलं, हो, रोज त्याच वाटेनं जायचा, म्हणून तर तिथे खड्डा खणला. "मग आधी पाणी पिऊ द्यायचं." अगं, पण तो वाईट होता, सोन्यासाठी सख्ख्या बापाला मारलं होतं त्यानं. "ते आधी. आत्ता तो पाणी प्यायला चालला होता." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उशीर झाला, झोप आता, हे मोठ्या माणसांचं हुकमी उत्तर मी दिलं. ती पाच मिनिटांत झोपली. मी जागीच.

ही गोष्ट मी कितीदा वाचली असेल, कितीदा सांगितली असेल. खड्ड्याची युक्ती सांगताना मला दर वेळी मजाच आली आहे. ड्रॅगनला तहान लागली होती, हे मात्र माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. वास्तविक ते गोष्टीत अगदी समोर आहे. सिगुर्ड आणि त्याला वाढवणारा रेगिन, म्हणजे फाफ्निरचा सख्खा भाऊ, दोघं माळावर जातात तेव्हा त्यांना आधी ड्रॅगन दिसत नाही, त्याची वाट दिसते. रोज सरपटत पाण्याकडे जाऊन जाऊन जमिनीत पडलेली खोल घळ. ज्या कड्यावरून मान खाली सोडून तो पाणी पितो तो कडा तीस वाव उंच. दोन्ही हात पसरले की होतो तो एक वाव, असे तीस. सिगुर्ड रेगिनला म्हणतो, तू तर म्हणाला होतास की हा साध्या रानातल्या सापाएवढाच आहे, आणि ही वाट बघ! मग खड्डा. सिगुर्ड विचारतो, आणि रक्ताचा लोंढा माझ्याच अंगावर आला तर? रेगिन चिडतो, तुला प्रत्येक गोष्टीची भीती वाटते म्हणतो, आणि स्वतः भिऊन लांब निघून जातो. तेवढ्यात एक लांब दाढीचा म्हातारा येऊन सांगतो, एक नको, जास्त खड्डे खण, म्हणजे रक्त त्यांत वाहून जाईल. तो म्हातारा म्हणजे ओडिन. म्हणजे एका तहानलेल्या जनावराला वाटेत गाठायचं, तर त्यासाठी एक भाऊ, एक नावाची तलवार आणि खुद्द देवांचा बाप, एवढी सगळी जमवाजमव.

आणि त्यानंतर जे होतं ते मी भाचीला सांगितलंच नव्हतं. फाफ्निर लगेच मरत नाही. तो बोलतो. आधी विचारतो, पोरा, तू कोण, कुणाचा? सिगुर्ड नाव सांगत नाही, कारण मरणाऱ्याच्या तोंडी आपलं नाव गेलं तर त्याचा शाप लागतो. मी एक जनावर आहे, मला आई नाही, बाप नाही, असं काहीबाही सांगतो. मग लाजेने असेल किंवा तोऱ्यात, खरं नाव सांगतो. पुढे दोघांचं बराच वेळ बोलणं होतं, आणि त्या बोलण्यातला फाफ्निर राक्षस वाटतच नाही, एखादा जाणता, कडवट झालेला म्हातारा वाटतो. हे सोनं तुझा जीव घेईल, म्हणतो. माझ्या भावानं माझा घात केला, तो तुझाही करील, म्हणतो. दोन्ही खरं होतं.

स्वीडनमध्ये रामसुंडला एका सपाट खडकावर अकराव्या शतकात ही गोष्ट कोरून ठेवली आहे. तिचे फोटो मी दुसऱ्या दिवशी पुन्हा काढून बघत बसले. बाहेरून लांबलचक सापाचं वेटोळं, त्याच्या आत गोष्टीतले सगळे तुकडे: झाडावरचे पक्षी, झाडाला बांधलेला घोडा, अंगठा तोंडात घालून बसलेला सिगुर्ड, कारण फाफ्निरचं काळीज भाजताना तो भाजला आणि रक्त जिभेला लागताच त्याला पक्ष्यांची भाषा कळायला लागली. शेजारी मुंडकं उडालेला रेगिन आणि त्याची लोहाराची हत्यारं. तळाशी, वेटोळ्याच्या बाहेर, खालून वर तलवार खुपसणारा माणूस. पण मजकूर कुठे आहे? सापाच्या अंगावर. रुन लिपीतली सगळी अक्षरं त्याच्या शरीराच्या पट्ट्यातच बसवली आहेत. सिग्रिड नावाच्या बाईनं नवऱ्याच्या आत्म्यासाठी पूल बांधला, एवढीच नोंद. त्यात ती स्वतःची ओळख ओर्मची मुलगी अशी देते, आणि ओर्म म्हणजे साप. सापाची लेक, सापाच्या अंगावर, साप मारल्याच्या गोष्टीत, नवऱ्याची आठवण लिहिते. त्या काळी ओर्म हे सर्रास चालणारं नाव होतं, हे मला ठाऊक आहे. तरी तो खडक नुसता शौर्याचा वाटेनासा झाला. मेलेल्याची आठवण जपायला जागा हवी होती आणि ती सापानं दिली, असं काहीतरी वाटत राहिलं.

मग मी एकेक गोष्ट उलटून बघायला लागले.

जपानमधली यामाता नो ओरोचीची गोष्ट घ्या. 'कोजिकी'त, म्हणजे 712 सालच्या ग्रंथात आहे. स्वर्गातून हाकलून दिलेला देव सुसानोओ इझुमोत 'ही' नावाच्या नदीच्या उगमाशी उतरतो, तर तिथे एक म्हातारा आणि म्हातारी एका मुलीला मधे घेऊन रडत बसलेले. आठ मुली होत्या, दर वर्षी एक जात जात ही शेवटची राहिली आहे. कसा दिसतो तो, असं विचारल्यावर म्हातारा जे वर्णन करतो ते मला सगळ्या ड्रॅगनांच्या वर्णनांत सगळ्यात आवडतं. डोळे पिकलेल्या लाल फळासारखे, धड एक, डोकी आठ, शेपट्या आठ, अंगावर शेवाळ, अंगावर देवदाराच्या जातीची झाडं उगवलेली, लांबी आठ दऱ्या आणि आठ टेकड्यांवर पसरलेली, आणि पोट बघावं तर सतत रक्ताळलेलं, सोललेलं. हे पोट मला विसरता येत नाही. एवढा मोठा जीव, डोंगरांवरून स्वतःला ओढत नेणारा, तर पोट सोलवटणारच. ज्याच्या सात मुली गेल्या तो म्हातारा हे बघून ठेवतो आणि सांगतोही. सुसानोओ काय करतो? मुलीचा कंगवा करून केसांत खोचतो, कुंपण घालतो, आठ दारं, प्रत्येक दारात एक मांडव, प्रत्येक मांडवावर कडक दारूचं एक पिंप. ओरोची येतो, आठही पिंपांत आठही डोकी घालतो, पितो, आणि तिथेच झोपतो. मग तुकडे. नदी रक्ताची होऊन वाहते. शेपटीत तलवारीची धार तुटते म्हणून बघतो तर आत दुसरी, त्याहून चांगली तलवार.

पुन्हा पिणंच. पुन्हा झोप.

ग्रीक कथेतल्या जेसनला सोनेरी लोकर हवी असते, तिथला पहारेकरी साप कधीच झोपत नाही. म्हणजे गोष्टीत त्याचा एकमेव गुण हाच की तो जागा राहतो. तर जेसनला मदत करणारी जादूगारीण मेडिया औषधात बुडवलेली फांदी त्याच्या डोळ्यांवरून फिरवते आणि त्याला झोपवते. रोड्सच्या अपोलोनियस या ग्रीक कवीनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हा प्रसंग लिहिला, त्यात त्या सापाचा फूत्कार ऐकून दूरदूरच्या घरांत बाळंतिणी दचकून जाग्या होतात आणि कुशीतल्या थरथरणाऱ्या तान्ह्यांना छातीशी धरतात. भीतीचं इतकं चांगलं माप मी दुसरं वाचलेलं नाही. किती मोठा, किती दात, किती डोकी, काही नाही. झोपेतलं बाळ थरथरलं, बस्स.

पण ज्या गोष्टीनं माझी खरी झोप उडवली ती हिटाइट लोकांची. आजच्या तुर्कस्तानात हत्तुशाच्या अवशेषांत मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांवर इल्लुयांकाची गोष्ट आहे. इल्लुयांका म्हणजे नुसतंच 'साप'. वसंतातल्या उत्सवात ती म्हणायची, म्हणजे जमीन फळेल. पाटीवर एकाच गोष्टीची दोन रूपं शेजारीशेजारी लिहिली आहेत. पहिल्या रूपात सापानं वादळदेवाला हरवलेलं असतं. मग इनारा देवी मेजवानी मांडते, पिंपंच्या पिंपं भरून ठेवते, सापाला बोलावते. तो मुलाबाळांसह येतो. मुलाबाळांसह! सगळे पोटभर खातात, पितात, इतके फुगतात की परत बिळात शिरता येत नाही. मग हुपासिया नावाचा माणूस त्यांना दोरीनं बांधतो आणि वादळदेव येऊन मारतो. त्या माणसाचंही पुढे भलं होत नाही. देवी त्याला कड्यावरच्या घरात ठेवते, खिडकीतून बाहेर बघू नकोस, बायकापोरं दिसतील, म्हणते. वीस दिवसांनी तो खिडकी उघडतो. बायकापोरं दिसतात. मला घरी जाऊ दे, म्हणून तो रडायला लागतो, आणि तिथे पाटी फुटली आहे.

दुसरं रूप आणखी अवघड. इथे सापानं वादळदेवाला हरवून त्याचं काळीज आणि डोळे काढून घेतले आहेत. आंधळा, काळीज नसलेला देव एका गरिबाच्या मुलीशी लग्न करतो, मुलगा होतो, आणि मुलगा मोठा झाल्यावर सापाच्या मुलीशी लग्न करून त्याच्या घरी राहायला जातो. घरजावईच म्हणायचा. बाप शिकवून ठेवतो, सासऱ्याकडे माझं काळीज माग आणि डोळे माग. मुलगा मागतो. साप देऊन टाकतो. काही भांडण नाही, अट नाही. जावयानं मागितलं, दिलं. मुलगा ते बापाकडे पोचवतो. बाप पुन्हा धडधाकट होतो आणि समुद्रावर सापाशी लढायला जातो. मुलगा तेव्हा सासऱ्याच्या घरी असतो. तो तिथून वर बापाला ओरडून सांगतो, मलाही यांच्यातच धर, माझी दया करू नकोस. आणि वादळदेव दोघांनाही मारतो, सापालाही आणि स्वतःच्या मुलालाही.

हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि थोडा वेळ खोलीत नुसत्या येरझाऱ्या घातल्या. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या उत्सवात, पिकं चांगली यावीत म्हणून, लोक हे मोठ्यानं म्हणत होते. त्यांना सोपी गोष्ट सांगता आली असती. देव आला, साप मेला, पाऊस पडला. मधे तो मुलगा कशाला घातला? ज्याच्या घरचं खाल्लं त्याला आपल्या हातून फसवलं गेलं, आता बाप जिंकला तरी मी कुठल्या तोंडानं वाचू, हे एका कोवळ्या पोराच्या तोंडी कुणी घातलं असेल? ज्यानं घातलं त्याला, माझ्या भाचीला जे खुपलं, तेच खुपलं होतं. एरवी एवढं ओझं कुणी गोष्टीत वाहून आणत नाही.

माझ्याही अंगावर एक साप आहे.

शाळकरी वयातली गोष्ट. विहिरीच्या काठाला, ओल्या दगडांमधे, एक साप निघाला. कुणीतरी ओरडलं, काठ्या आल्या, आम्ही पोरं मागे. तो अर्धा दगडाखाली होता आणि बाहेरचा भाग उन्हात निवांत पडलेला, पिवळट, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके. त्याला आमचा पत्ताही नव्हता. पहिली काठी बसली तेव्हा तो वळला, तोंड उघडलं, मान चपटी केली, आणि सगळे 'नाग, नाग' म्हणत मागे सरले. मग दगड. त्यातला एक मी मारला. लागला की नाही, मला आजवर माहीत नाही. लागला नसावा, असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आले आहे. डोकं ठेचलं गेल्यावर बराच वेळ, जवळजवळ अर्धा तास, शेपटीचं टोक हलत होतं. बाकी सगळं शरीर दोरीसारखं पडलेलं, आणि तेवढं बोटभर टोक डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. आमच्यातला एक मुलगा म्हणाला, सूर्य मावळेपर्यंत मरत नाही. आम्ही उकिडवे बसून बघत होतो. संध्याकाळी सापांतलं कळणारं एक वडीलधारं माणूस आलं, काठीनं उलटवून बघितलं आणि म्हणालं, दिवड आहे की रे. बेडूक-मासे खाणारा. ह्यात विष नसतं. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तिथे मुंग्यांची रांग होती.

ते टोक मला पुन्हा भेटलं ते त्याच अपोलोनियसकडे. हेस्परिडीसच्या बागेत सोन्याच्या सफरचंदांवर लाडोन नावाचा साप पहारा द्यायचा. हेराक्लीसनं त्याला बाणांनी मारलं आणि सफरचंदं घेऊन तो निघून गेला. शौर्यकथा तिथे संपते. अपोलोनियस मात्र जेसनच्या लोकांना त्या बागेत दुसऱ्या दिवशी नेतो. तेही पाण्याच्या शोधात, तहानेनं कासावीस झालेले. तिथे लाडोन झाडाला टेकून पडला आहे, डोक्यापासून सबंध काळा कणा निर्जीव, फक्त शेपटीचं टोक अजून हलतं आहे. जखमांवर माश्या बसताहेत आणि बाणाच्या विषानं तिथेच सुकून मरताहेत. बागेतल्या पोरी रडताहेत. बाविसशे वर्षांपूर्वीच्या कवीनं शेपटीचं टोक बघितलं होतं, यात मला शंकाच नाही. हे कल्पनेनं सुचत नाही. तोही कधीतरी कुठेतरी उकिडवा बसला असणार. आणि ते बाणाचं विष? ते आधी मारलेल्या हायड्राचं. हेराक्लीस शेवटी मरतो तो त्याच विषानं, अंगरख्यातून अंगात भिनून. सापाला घाई नसते.

आपल्याकडे वृत्र आहेच. अहि, म्हणजे सापच. पाणी अडवून डोंगरावर पडलेला. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं बत्तिसावं सूक्त हे इंद्राच्या त्या पराक्रमाचं. पंधरा ऋचा, सगळी स्तुती. दुसऱ्या ऋचेत सुटलेलं पाणी समुद्राकडे धावतं ते कसं, तर हंबरत निघालेल्या गाईंसारखं. छान, मोकळं, भरून आलेलं चित्र. आणि नवव्या ऋचेत वृत्राची आई, दानू, मुलाला वाचवायला त्याच्यावर आडवी पडते. इंद्र तिलाही मारतो. आई वर, मुलगा खाली. 'दानुः शये सहवत्सा न धेनुः'. वासराला घेऊन गाय पडावी तशी दानू पडली आहे. तीच गाय! सात ऋचांपूर्वी जी आनंदानं हंबरत गेली तीच उपमा ऋषीनं इथे मेलेल्या आईसाठी वापरली. चुकून वापरली असं मी मानायला तयार नाही. आणि चौदाव्या ऋचेत तर तो इंद्रालाच विचारतो, अहीला मारल्यावर तुझ्या काळजात भीती शिरली, तू भ्यालेल्या ससाण्यासारखा नव्व्याण्णव नद्या ओलांडून पळालास, तेव्हा तुला त्याचा सूड घेणारा असा कोण दिसला रे? उत्तर नाही. पुढची ऋचा पुन्हा स्तुतीची. महाभारतात येईतो फसवणूक उघडच झालेली असते: दिवसा नाही रात्री नाही म्हणून संध्याकाळ, ओलं नाही सुकं नाही म्हणून समुद्राचा फेस. त्यानंतर इंद्र कमळाच्या देठात लपून बसतो. विजेत्याला लपायला एवढीशी जागा.

ग्रीक कथांमधल्या कॅडमसला तर पूर्ण वर्तुळ चालावं लागलं. त्याची माणसं झऱ्यावर पाणी आणायला गेली होती (इथे तहान माणसांची), तिथल्या सापानं ती मारली, त्यानं सापाला मारलं. सरळ हिशोब, आणि लढाईही समोरासमोरची. पण मेलेल्या सापाकडे बघत उभा असताना आवाज येतो, काय बघतोस, उद्या तुझ्याकडेही लोक साप म्हणूनच बघतील. पुढे शहर वसतं, राज्य होतं, मुलंबाळं एकामागून एक वाईट मरणानं जातात. म्हातारपणी तो म्हणतो, तो साप देवाचा असेल आणि हा त्याचाच राग असेल, तर मलाच साप होऊ दे. म्हणता म्हणता तो पोटावर पडतो, पाय जुळतात. त्याची बायको हार्मोनिया त्याच्या मानेवरून हात फिरवत राहते आणि मलाही कर म्हणते. दोघं गुंतलेली वेटोळी घेऊन झाडीत जातात. रोमन कवी ओव्हिड पुढे सांगतो, ते अजूनही माणसाला चावत नाहीत, माणूस दिसला तर पळतही नाहीत. आपण आधी कोण होतो, हे त्यांच्या लक्षात आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं इकडचं. चीनमधे ड्रॅगन शुभ, पाऊस देणारा, राजाचं चिन्ह. पूर्वेचा ड्रॅगन सज्जन, पश्चिमेचा दुर्जन, ही विभागणी मला कधीच फारशी पटली नाही. ओरोची पूर्वेचाच. आणि चिनी ग्रंथांत राजासाठी ड्रॅगन पाळणाऱ्याचीही गोष्ट आहे: जोडीतली मादी मेली, तर यानं तिचं गुपचूप लोणचं घातलं आणि राजालाच वाढलं. राजाला इतकं आवडलं की त्यानं आणखी मागवलं, आणि हा गडी पळून गेला. हान फेई या जुन्या चिनी विचारवंतानं मात्र शहाणपणाचं लिहून ठेवलंय. ड्रॅगन माणसाळतो, त्याच्यावर बसताही येतं, पण त्याच्या गळ्याखाली काही खवले उलटे असतात. त्यांना हात लागला की तो मारतो. त्याला हे राजांबद्दल म्हणायचं होतं. मला ते गळ्याखालचे खवले तसेच आवडतात, कुठल्याही राजाशिवाय. आणि 'च्वांगझ' या चिनी ग्रंथातला तो माणूस, ज्यानं घरदार विकून तीन वर्षं ड्रॅगन मारायची विद्या शिकली आणि मग ती वापरायला जागाच मिळाली नाही, त्याची गोष्ट भाचीला आवडेल, असं मी मनात नोंदवून ठेवलं.

खड्डा नाही, दारू नाही, झोप नाही, अशी लढाई शोधता शोधता 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यापाशी येऊन थांबले. तिथला ड्रॅगन एका जुन्या थडग्यातल्या सोन्यावर तीनशे वर्षं बसून होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एक पळालेला गुलाम आत शिरला आणि एक पेला उचलून गेला. ड्रॅगन जागा होतो तेव्हा काय करतो? दगडाच्या कडेकडेनं हुंगत जातो. त्याला माणसाच्या पावलाचा ठसा सापडतो, अगदी त्याच्या डोक्याजवळून गेलेला. तो पुन्हा पुन्हा त्या टेकाडाभोवती फिरतो, आत जाऊन पेला शोधतो, बाहेर येतो. घरात चोरी झालेला माणूस असाच करतो, जिथे नाही हे माहीत आहे तिथेच परत बघतो. मग आग. म्हातारा राजा बेओवुल्फ, पन्नास वर्षं राज्य केलेला, त्याला आव्हान देतो, समोर उभा राहतो. बरोबरची माणसं रानात पळतात, एकटा विग्लाफ थांबतो. दोघंही मरतात, राजाही आणि ड्रॅगनही. लोक ड्रॅगनला कड्यावरून समुद्रात ढकलतात, आणि सोनं पुन्हा राजाबरोबर मातीत पुरतात. कवी म्हणतो, ते अजून तिथेच आहे, पूर्वी होतं तेवढंच निरुपयोगी.

एवढं सगळं फिरून मी ज्या गोष्टीवर आले ती आदिपर्वात सर्पसत्राच्या आधी येते, आणि धावत्या वाचनात निसटून जाते. रुरूची होणारी बायको साप चावून मेली. त्यानं आपलं अर्धं आयुष्य देऊन तिला उठवलं. पण सापांवरचा राग गेला नाही. दिसेल तो साप काठीनं मारायचा, असं व्रतच घेतलं. एकदा रानात एक म्हातारा डुंडुभ पडलेला दिसला. डुंडुभ म्हणजे बिनविषारी. रुरूनं काठी उचलली, तर साप बोलला: मी आज तुझा काहीच अपराध केलेला नाही. माणसांना चावतात ते साप वेगळे. आमच्या वाट्याला त्यांची दुःखं येतात, सुखं मात्र येत नाहीत. काठी हवेतच राहते. मी 'आज' या शब्दापाशी थबकले. संस्कृतात तो आहे, 'अद्य'. मी जन्मात कधी काही केलं नाही, असा दावा नाही. आज नाही केलं, एवढंच. आत्ता तो पाणी प्यायला चालला होता.

आमच्या दिवडाला बोलता आलं नाही. तोंड मात्र त्यानं उघडलं होतं.

दोन-तीन आठवड्यांनी भाची पुन्हा आली. पुन्हा तीच गोष्ट हवी म्हणाली, म्हणून मी जरा घाबरतच सुरुवात केली. या वेळी खड्डा गाळावा का, फाफ्निरला आधी पाणी पाजावं का, असं चाललं होतं डोक्यात. तिनं मला थांबवलं. गोष्ट नको, तिनं चित्र आणलं होतं. चौघडी केलेला कागद उलगडून पांघरुणावर पसरला. खाली निळी नदी. वर सोन्याचा ढीग, पिवळा खडू दाबून दाबून घासलेला. मधे तपकिरी वाट आणि वाटेत चौकोनी खड्डा, त्यात एक काडीचा माणूस, हातात तलवार. आणि कागदाच्या अगदी डाव्या कडेनं, झाडांच्या मागून, हिरवीगार लांबलचक वळणं, एक, दोन, तीन, चार, पार नदीपर्यंत. तिथे डोकं पाण्यात.

"हा दुसरीकडून गेला," ती म्हणाली.

मी खड्ड्यातल्या माणसावर बोट ठेवलं. "आणि हा?"

"त्याला माहीतच नाही अजून."

तिनं कागद माझ्या हातून काढून घेतला, निळा खडू शोधला आणि नदी आणखी थोडी रुंद करत बसली.